जवळ असलेले सूर



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी या शाळेत संगीत शिकविले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी संगीतातील एखादा जाणकार बोलाविला असता, तर ते अधिक उचित झाले असते. मी गायक नाही आणि संगीतशास्त्राचा अभ्यासकही नाही. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात आणि जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात गेले. परंतु विश्वस्तांचा आग्रह झाला, तेव्हा मी मनाशी असा विचार केला की, पोथी आणि गाणे या दोहोंपुढे एक प्रश्न समान आहे. ते टिकते कसे, आणि कोणाजवळ टिकते? त्या प्रश्नाचा धागा धरून मला काही सांगता येईल, असे वाटल्यामुळे आज आपल्यासमोर उभा आहे.

निमंत्रणपत्रिकेत विषय असा छापला आहे: इंटरनेटच्या जोडणीवाचून फोनवर ऐकले जाणारे संगीत. स्मृतिव्याख्यानाला हा विषय काहींना किरकोळ वाटला असेल. ज्ञानेश्वरी नाही, नाट्यसंगीत नाही, आणि हे काय फोनचे खूळ, असेही कोणी म्हटले असेल. माझी विनंती एवढीच की, शेवटपर्यंत ऐकून मग निवाडा करावा.

प्रारंभीच माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. मराठीत आपण एखाद्या वस्तूविषयी ती ‘मिळते’ असे म्हणतो, ती ‘जवळ आहे’ असे म्हणतो आणि ती ‘आपली झाली’ असेही म्हणतो. या तिन्हींत फरक आहे. नळाला पाणी मिळते; माठातले पाणी जवळ असते; प्यालेले पाणी आपले होते. आज संगीत मिळण्याची सोय इतिहासात कधी नव्हती एवढी झाली आहे. पण मिळणे वाढत असताना जवळ असणे कमी होत चालले आहे, आणि जे जवळ नाही ते आपले होणे कठीण. विशेषतः आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी समाजाच्या घरांत जे संगीत आहे, ते कोणत्याही नळाला येणारे नाही. ते आपल्या माठातच आहे, आणि माठ फुटू लागले आहेत.

यंत्रे येण्यापूर्वी संगीत जवळ बाळगण्याचे एकच स्थान होते, ते म्हणजे कंठ. ‘कंठस्थ’ आणि ‘मुखोद्गत’ हे आपले शब्द पाहावेत. दोन्ही शब्दांत ठेवण्याची जागा देहातच दाखविली आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, या आख्यायिकेचा एक अर्थ असा लावला जातो की, अभंग लोकांच्या मुखी होते. कागद बुडाले तरी त्यांचे काही बुडाले नाही. संग्रहाच्या दृष्टीने पाहिले, तर एकाच ग्रंथाच्या शेकडो जिवंत प्रती गावोगाव हिंडत होत्या.

पण कंठाला मर्यादा आहे. तो मनुष्याबरोबर जातो. याचे उदाहरण आपल्याच संस्थानातले आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली तत्कालीन बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांपाशी त्यांची तालीम झाली. पुढे ते केवढे गायक झाले, हे मी सांगायला नको. १९२२ साली ते गेले. त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. बुवांचे गाणे आपण मास्तर कृष्णरावांच्या आणि बालगंधर्वांच्या गाण्यात शोधतो, खाँसाहेबांचे त्यांच्या शिष्यपरंपरेत. शोध अनेकदा फलद्रूप होतो, पण तो शोधच राहतो. मूळ पोथी हरवली आणि तिच्या नकलांवरून तिचा पाठ कल्पावा लागला, तर संपादकाची जी अवस्था होते, तीच येथे रसिकाची होते.

यंत्र आले ते याच काळात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत आटवायचा, ही कलावंतांपुढची परीक्षाच होती. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, बडोद्याच्या एका तरुणाने काही तबकड्या दिल्या. त्याचे नाव इनायत खाँ. ज्या मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली, त्यांचा हा दौहित्र. १९१० मध्ये तो अमेरिकेस गेला, पुढे सूफी विचारांचा प्रवर्तक म्हणून पश्चिमेत प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये दिल्लीत निवर्तला. त्याचे तरुणपणीचे गाणे आज ऐकू येते, ते १९०९ च्या त्या मुद्रणामुळे. ती मुद्रणे पुढे सीडीवरही आली. भास्करबुवा आणि इनायत खाँ हे एकाच काळातले, दोघांचेही बडोद्याशी नाते. एकाचा आवाज उरला, एकाचा उरला नाही. कलेच्या उंचीशी या फरकाचा काही संबंध नाही. एकाची प्रत जवळ राहिली, एवढेच त्याचे कारण.

यानंतर रेडिओ आला. मुंबईत १९२७ मध्ये नियमित प्रसारण सुरू झाले आणि घरबसल्या थोर गायक ऐकू येऊ लागले. रेडिओचे ऋण कोणी नाकारू शकत नाही. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब १९५० साली याच शहरात पैगंबरवासी झाले. आकाशवाणीवर ते गायले म्हणून त्यांच्या दीर्घ गायनाचा काही भाग पुढे प्रसिद्ध होऊ शकला. परंतु श्रोत्याच्या बाजूने पाहता रेडिओवरचे गाणे मिळत असे, जवळ राहत नसे. कार्यक्रम चुकला की चुकला. तबकडी जवळ राहत असे, पण तिच्यात आपल्याला काही भरता येत नसे. कारखान्याने जे दिले तेच.

या दोन्ही मर्यादा ओलांडल्या त्या कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ती बाजारात आणली. आपल्याकडे तिचा प्रसार सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात झाला. साठ किंवा नव्वद मिनिटांची फीत, खिशात मावणारी पेटी, आणि मुख्य म्हणजे टेपरेकॉर्डरवर असलेले ते लाल बटण. ते दाबले की समोरचे गाणे मुद्रित होई. माझ्या मते आपल्या संगीताच्या इतिहासात त्या बटणाला फार महत्त्व आहे. श्रोता प्रथमच लेखनिक झाला. पूर्वी मठात कोणी भाविक ज्ञानेश्वरीची प्रत उतरवून घेई, तसा आता सामान्य नोकरदार मनुष्य गणेशोत्सवातली बैठक, घरच्या कीर्तनाचे आख्यान, मुलीच्या गुरूने शिकविलेली बंदिश उतरवून घेऊ लागला. या कॅसेटांकडे मी पुन्हा येणार आहे.

आता फोनकडे वळू. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनी आटोपशीर साठविण्याची जी रीत विकसित केली, तिला १९९५ पासून एमपी३ हे नाव मिळाले. तिचे तत्त्व मनोरंजक आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या लगतचा बारीक आवाज मानवी कानाला ऐकूच येत नाही. मग जे ऐकू येत नाही ते साठवायचे कशाला? ते गाळले की जागा वाचते. ही रीत तपासताना सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे साथीविना गायलेले एक गीत त्यांनी पुनःपुन्हा ऐकले; कारण उघड्या, एकट्या आवाजात गाळणीचा दोष लपत नाही. तानपुऱ्याच्या साथीने आलाप ऐकणाऱ्या आपल्या कानांना हे लगेच पटेल. फार गाळले की पहिल्यांदा तानपुऱ्याची झणत्कार बोथट होते.

या रीतीने एक मिनिटाचे संगीत मध्यम दर्जात सुमारे एक मेगाबाइट जागेत मावते. म्हणजे नखाएवढ्या बत्तीस गिगाबाइटच्या कार्डात साडेपाचशे तासांच्या आसपास संगीत राहू शकते. दर्जा चांगला ठेवला, तरी दोनशे तासांहून अधिक. रोज एक तास ऐकले, तर पहिल्या हिशेबाने दीड वर्ष पुरेल. पूर्वी एवढ्या संग्रहाला घरातली एक खोली लागली असती. आपल्यापैकी तरुणांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या आणि बाजारातल्या मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळत. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार बिनचूक नव्हता. पण कारखान्यातला कामगार किंवा ट्रकचा चालक इंटरनेटची ओळख होण्याआधी आपल्या आवडीच्या गाण्यांचा धनी झाला, तो त्यामुळे. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची गरज नाही, रूप जुन्या रेडिओचे. अनेक घरांत आजी-आजोबांना ती भेट म्हणून आली. बटण दाबले की गाणे लागते, परवलीचा शब्द कोणी विचारत नाही, एवढ्याचे सुख वृद्धांनाच कळते.

याच सुमारास वारे उलट दिशेने वाहू लागले होते. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा अतिशय स्वस्त झाला आणि संगीत साठविण्याऐवजी ते लागेल तेव्हा दूरच्या संगणकावरून वाहत आणून ऐकण्याची पद्धत रूढ झाली. तिला स्ट्रीमिंग म्हणतात. मी तिचा द्वेष्टा नाही. ज्या मैफलींची वर्णने आम्ही नुसती वाचली, त्यांतल्या काही आज एखादा गरीब विद्यार्थी वसतिगृहात बसून ऐकू शकतो, हे लहानसहान पुण्य नव्हे. पण तिचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

या सेवांत गाणे उतरवून घेण्याची सोय असते आणि मग ते इंटरनेटशिवायही वाजते. त्यामुळे अनेकांचा समज असा होतो की गाणे आपल्याजवळ आले. वस्तुतः ते कुलूपबंद स्वरूपात येते आणि किल्ली सेवेकडेच राहते. स्पॉटिफायचा नियम असा आहे की, तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडून घेतले नाही, तर उतरविलेली गाणी वाजणे थांबते. वर्गणी संपली की हा अधिकारही संपतो. म्हणजे हे भाड्याचे घर. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. पण ते वडिलोपार्जित आहे असे समजून मुलांच्या नावे करून देऊ पाहणारा फसतो. आणि घरमालक कायम राहीलच असेही नाही. आपल्या देशात रेसो ही सेवा जानेवारी २०२४ च्या अखेरीस बंद झाली, आणि विंक ही मोठी सेवाही त्याच वर्षी गुंडाळली गेली. लोकांनी हौसेने लावलेल्या याद्या आणि उतरविलेली गाणी त्यांच्याबरोबर गेली. अमेरिकेतील मायस्पेस या संकेतस्थळाने तर २०१९ मध्ये मान्य केले की, लोकांनी बारा वर्षांत तेथे ठेवलेले संगीत यंत्रे बदलताना नष्ट झाले. अनेक होतकरू कलावंतांची स्वतःची मुद्रणे त्यात गेली.

मी संग्रहाचा एवढा आग्रह धरतो, त्यास आणखी एक कारण आहे, आणि ते ऐकण्याच्या रीतीशी निगडित आहे. आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्या. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे आणि समर्थांनी दासबोधात तिचा विस्तार केला आहे. श्रवण म्हणजे कानावर पडणे नव्हे. तेच ते पुन्हा ऐकणे, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक ऐकू येणे, हे त्याचे लक्षण. अमर्याद भांडार समोर असले की हात पुढच्या गाण्याकडे धावतो. एक संपण्याआधी यंत्रच दुसरे सुचविते. उलट, फोन फ्लाइट मोडवर टाकला, निरोप आणि घंटा बंद झाल्या, आणि आपण निवडून ठेवलेली पन्नास मुद्रणेच जवळ असली, तर एखादा यमन आपण शंभर वेळा ऐकतो. शंभराव्या वेळी लक्षात येते की, गायकाने निषादावर थांबण्यापूर्वी श्वास कोठे घेतला. कॅसेटच्या काळात आमच्या पिढीचे कान तयार झाले, ते आम्ही अधिक गुणी होतो म्हणून नव्हे. आमच्याजवळ थोडे होते, म्हणून ते पुनःपुन्हा ऐकले गेले. तीच मर्यादा आज स्वेच्छेने घालून घ्यावी लागेल, आणि तिला लागते फक्त एक कार्ड.

आता मघाशी सोडलेल्या कॅसेटांकडे येतो. माझ्या दृष्टीने हाच या व्याख्यानाचा गाभा आहे.

बाजारात आलेले संगीत कोठे ना कोठे राहील. कंपन्या ते राखतील, संग्राहक राखतील. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या मंडळाने जुन्या तबकड्यांबाबत केवढे काम केले, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत, आपल्या जुन्या घरांतल्या कपाटांत ज्या कॅसेटा आहेत, त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. कोणाच्या आजीची मंगळागौरीची गाणी, कोणाच्या वडिलांनी म्हटलेली पंचपदी, एखाद्या स्थानिक कीर्तनकाराचे आख्यान, गणेशोत्सवातली गायनाची बैठक, या शाळेच्या स्नेहसंमेलनातले समूहगान. यांतले काहीही कितीही डेटा खर्च केला तरी मिळणार नाही, कारण ते तेथे गेलेलेच नाही.

भाषेचा शिक्षक म्हणून मला या कॅसेटांत आणखी एक मोल दिसते. त्यांत केवळ गाणे नाही. गाण्याआधी निवेदक दोन शब्द बोलतो, मध्येच कोणी दाद देतो, कोणी चहा झाला का म्हणून विचारतो. ती बडोद्याची मराठी आहे. पिढ्यानपिढ्या गुजरातीच्या शेजारात राहून तिने काही शब्द घेतले, काही हेल घेतले, आणि पुण्यामुंबईकडे मागे पडलेली काही रूपे जपली. या बोलीचे नमुने छापील पुस्तकांत येत नाहीत, कारण लिहिताना आपण सर्वजण पुणेरी वळणाने लिहितो. ती ऐकायची असेल तर ती या फितींवरच आहे. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक विचारील की बडोद्याचे मराठी लोक कसे बोलत होते, तेव्हा त्याला उत्तर देणारा साक्षीदार एखाद्या साठ मिनिटांच्या कॅसेटात बसलेला असेल. मात्र ती तोवर वाजली पाहिजे.

ती वाजेल याची शाश्वती नाही. फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटविलेला लोहचुंबकीय चुरा. ओलीने बुरशी धरते, उष्णतेने पट्टी ताणली जाते, चिकटा सुटला की चुरा झडतो आणि त्याबरोबर सूरही. वाजविण्याची यंत्रे दुर्मिळ झाली आहेत आणि ती दुरुस्त करणारे हातही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात किती घरांत शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले. पुरात भिजलेले धान्य बदलता येते, गाद्या नव्या करता येतात. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कॅसेटा ज्यांनी चिखलातून काढल्या असतील, त्यांना मी वेगळे काही सांगायला नको.

यावर उपाय अवघड नाही. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, एक तार आणि संगणक एवढ्यावर काम होते. कॅसेट वाजेल तेवढ्याच वेळात ती उतरते. नव्वद मिनिटांना नव्वद मिनिटे. मूळ प्रत गाळणी न लावता ठेवावी. सीडीच्या दर्जाने मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट लागतात, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला गिगाबाइटपेक्षा किंचित कमी. १२८ गिगाबाइटच्या एका कार्डात अशा सव्वाशे कॅसेटा राहतात. फ्लॅक नावाची एक मुक्त पद्धत आहे, तिने काहीही न गाळता जागा जवळजवळ निम्मी होते. या मूळ प्रतीवरून रोजच्या ऐकण्यासाठी एमपी३ प्रती कराव्यात आणि त्या फोनमध्ये ठेवाव्यात. त्या वाजवायला इंटरनेट नको, वर्गणी नको, कोणाची परवानगी नको.

येथे पोथ्यांच्या अभ्यासातले दोन धडे उपयोगी पडतात. पहिला धडा पुष्पिकेचा. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक लिहितो की ही प्रत अमुक शके, अमुक तिथीस, अमुक गावी, अमुकाने लिहिली. त्या चार ओळी नसतील, तर सुंदर हस्ताक्षरातली पोथीही मुकी राहते. ध्वनिमुद्रणाचे तसेच आहे. ‘ट्रॅक १’ एवढेच नाव असलेली फाइल ही पुष्पिका हरवलेली पोथी आहे. गाणारा कोण, साथीला कोण, राग कोणता, कोणाच्या घरी, कोणत्या वर्षी, एवढे तरी फाइलच्या नावात किंवा सोबतच्या वहीत नोंदवावे. आणि हे आज करावे; कारण तो आवाज कोणाचा, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली, म्हणून आपल्याला विश्वासाने वाचता येईल असा पाठ मिळाला. काम उशिरा झाले तरी होऊ शकले, कारण प्रती होत्या. एकच प्रत असती आणि ती गेली असती, तर नाथांनाही काही करता आले नसते.

दुसरा धडा त्यातूनच निघतो, तो प्रतींचा. ग्रंथ टिकतात ते एका बळकट पेटीमुळे नव्हे, अनेक ठिकाणी विखुरलेल्या प्रतींमुळे. कार्ड बिघडते, फोन हरवतो, म्हणून एकाच यंत्रावर विसंबू नये. एक प्रत घरी, एक परगावी असलेल्या मुलाकडे, एक शाळेत, अशी विभागणी करावी. इंटरनेटवरच्या साठ्यातही एक प्रत जरूर ठेवावी. फक्त तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

कायद्याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण शाळेच्या व्यासपीठावरून चुकीचा सल्ला जाऊ नये. आपल्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. गायकवादकांचाही आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क असतो. म्हणून घरच्या बैठकीची फीत स्वतः ऐकणे, घरात जपणे ही एक गोष्ट, आणि ती जगजाहीर करणे ही दुसरी. दुसरी करण्यापूर्वी कलावंताला किंवा त्याच्या वारसांना विचारावे. कायदा नसता, तरी सौजन्याने विचारावेच लागले असते.

श्रोतेहो, केरी या गोव्यातील गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आज कोठे आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यातल्या २७ संगीतरचनांत साडेतीन मिनिटांची ही भैरवी आहे. त्याच सप्टेंबर महिन्यात केसरबाई निवर्तल्या. मला त्या योजनेतील एका गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. तबकडी पाठविणाऱ्यांनी तिच्याबरोबर सुई पाठविली आणि ती कशी वाजवावी याची आकृती वेष्टनावर कोरून दिली. ऐकणाऱ्याला पृथ्वीकडे काही मागावे लागू नये, अशी ती व्यवस्था आहे. गाणे, ते वाजविण्याचे साधन आणि त्याची ओळख, तिन्ही एकत्र. आपल्या घरच्या संग्रहासाठी याहून चांगला आदर्श मला सुचत नाही.

म्हणून शाळेच्या विश्वस्तांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. गुरुजींनी या शाळेत गाणे शिकविले. त्यांचा आवाज असलेल्या फिती काही घरांत निश्चित असतील. प्रारंभ त्यांपासून करावा. शाळेने एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि एक संगणक द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कपाटांतल्या कॅसेटा आणाव्यात. त्या उतरवून मूळ कॅसेटा सन्मानाने परत द्याव्यात. आठवी-नववीच्या मुलांना या कामी घ्यावे. यंत्र त्यांना आपल्याहून अधिक कळते. आवाज ओळखण्यासाठी त्यांनी वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि ते सांगतील ते वहीत लिहावे. मराठीचा तास याहून चांगला होणार नाही. वर्षाच्या शेवटी, ज्यांच्या घरच्या फिती आल्या, त्या प्रत्येक कुटुंबाला निवडक मुद्रणांचे एक कार्ड द्यावे. जे प्रसिद्ध करण्याचा अधिकार नाही ते ज्याचे त्याच्या घरापुरते ठेवावे. परदेशी गेलेली आपली मुले ते कार्ड फोनमध्ये घालतील आणि विमानात, जेथे बाहेरचे काही मिळत नाही, तेथे बडोद्याच्या एखाद्या माडीवरची बैठक ऐकतील.

हे काम मोठे नाही, खर्चाचे नाही, पण त्याला मुदत आहे. फिती झडत आहेत, आणि त्यांवरचे आवाज ओळखणारे आपण काही थोडेच उरलो आहोत. माझ्याही घरी अकरा कॅसेटा आहेत. खोली ठरली की त्या घेऊन पहिल्या दिवशी येईन, असे आश्वासन देतो.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.